घरातील वाचन आणि ऐकणाऱ्याचा हक्क

पुस्तक हाती घ्यावे आणि एकट्याने मनात वाचावे, ही सवय आपल्या समाजात फार जुनी नाही. ‘मूकनायक’ १९२० साली निघाला, ‘जनता’ १९३० साली. त्या काळी अंक विकत घेणारा एक, वाचू शकणारा एक आणि ऐकणारी सारी चाळ, असा प्रकार होता. ज्यांना अक्षराची ओळख नव्हती अशा कितीतरी स्त्रीपुरुषांपर्यंत बाबासाहेबांचा शब्द पोहोचला, तो कोणाच्या तरी आवाजातून. पुढे शिक्षण पसरले, एकेका घरात चार-चार वाचणारे झाले आणि मोठ्याने वाचण्याचे प्रयोजन उरले नाही अशी समजूत झाली. आमच्या मते ही समजूत चुकीची आहे. जेथे दोघांनाही वाचता येते तेथेच एकाने दुसऱ्यास वाचून दाखविण्यातला खरा आनंद सुरू होतो. कारण तेथे ते उपकार म्हणून केले जात नाही.

खालापूर तालुक्यात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर लोधिवली हे गाव आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासाचे तीन महिने, आपल्या विहारांतून व घरांतून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. लोधिवलीकडे हे दिवस मुसळधार पावसाचे. संध्याकाळनंतर घराबाहेर पडण्याचे कारण नसते. तेथील आमच्या परिचयाचे एक जोडपे आहे. पती पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर काम करतात, शिक्षण आठवीपर्यंत. पत्नी बारावी उत्तीर्ण. तरीही आरंभीची दोन वर्षे ग्रंथ पतीच्याच हाती असे, कारण घरातील कर्ता पुरुष तो! ते अडखळत वाचीत आणि बाई भाकऱ्या थापीत ऐकत. एका वर्षी त्यांचा घसा बसला, ग्रंथ बाईंच्या हाती गेला आणि तेथेच राहिला. आता रातपाळी नसेल त्या दिवशी बाई वाचतात आणि हे गृहस्थ समोर बसून तांदूळ निवडतात. मध्येच म्हणतात, “अगं थांब, मघाचे पुन्हा वाच.” ग्रंथातील परिच्छेदांस क्रमांक घातलेले आहेत, त्याचा येथे फार उपयोग होतो. “सातव्यापासून घे,” एवढे म्हटले की पुरते.

मनात वाचताना डोळा कठीण जागा ओलांडून पुढे पळतो. तोंडाने वाचताना असे पळता येत नाही. वाक्य न समजता वाचले तर ऐकणाऱ्यास ते तत्काळ कळते, आवाजच चुगली करतो. अर्ध्या तासात फार तर आठ-दहा पाने होतात. पण ती दोघांची होतात. दुसऱ्या दिवशी डबा भरताना, एसटीची वाट पाहताना त्यातला एखादा प्रश्न पुन्हा निघतो. संसारात नवराबायकोचे बोलणे बहुधा दूध, फी, औषध आणि पाहुणे एवढ्यावर येऊन ठेपते. त्यांस बोलण्यास तिसरा विषय मिळणे ही लहान गोष्ट नव्हे.

या वाचनात एक धोका मात्र आहे आणि तो बाबासाहेबांच्याच बालपणाच्या हकीकतीवरून ध्यानात येतो. या ग्रंथासाठी त्यांनी १९५६ साली लिहिलेली एक प्रस्तावना १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नव्हती. ती पुढे प्रसिद्ध झाली. तीत ते सांगतात की, वडील कबीरपंथी व धार्मिक वृत्तीचे असून, रामायण-महाभारताचा काही भाग मुलांनी रोज आपल्या बहिणींस व कथा ऐकण्यास घरी येणाऱ्या मंडळींस वाचून दाखवावा असा त्यांचा आग्रह असे. हा क्रम कित्येक वर्षे चालला. पुढे केळूसकर गुरुजींनी दिलेले बुद्धचरित्र वाचल्यावर भीमरावांनी वडिलांस विचारले की, ज्यांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता सांगितली आहे ते ग्रंथ आम्ही का वाचावेत? वडिलांना प्रश्न रुचला नाही. मुलांनी सांगितले तेवढे करावे, असे त्यांनी सुनावले. काही काळाने भीमरावांनी पुन्हा धीर केला, तेव्हा सुभेदारांनी आपली बाजू मांडली. द्रोण आणि कर्ण यांच्यासारखी सामान्य माणसे किती उंच चढली हे पाहून मुलांचा न्यूनगंड जावा, हा त्यांचा हेतू होता. मुलाचे त्याने समाधान झाले नाही. पण प्रश्नोत्तर झाले, हे महत्त्वाचे. बहिणी मात्र या हकीकतीत केवळ ऐकणाऱ्या म्हणून येतात.

तेव्हा घरात वाचन चालते एवढ्याने भागत नाही. ऐकणाऱ्यास थांबविण्याची मुभा नसेल तर वाचणारा पाहता पाहता घरचा पुरोहित होतो, मग हाती ग्रंथ कोणताही असो! पाली सुत्तांच्या आरंभी सांगणारा हे आपण ऐकले असे म्हणतो, आणि त्याच परंपरेत तथागत कालामांना बजावतात की, केवळ ऐकीव आहे म्हणून काही स्वीकारू नका. ऐकणे आणि प्रश्न करणे ही दोन्ही एकाच माणसाची कामे आहेत.

वकिली व्यवसायात आम्हांस याची प्रचिती वारंवार येते. दस्ताखाली ‘वाचून दाखविले, समजले, मान्य आहे’ असे लिहिलेले असते व त्यापुढे अंगठा. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, आणि तत्पूर्वीच्या कायद्यातही, तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेतल्यावर फिर्यादीस वाचून दाखविलीच पाहिजे, अशी तरतूद आहे. हे वाचन ऐकणाऱ्याच्या रक्षणासाठी आहे. परंतु ते भराभर उरकले जाते आणि समोरचा माणूस मान डोलावतो. त्यास शिक्षण नसते असे नाही. वाचणाऱ्यास मध्येच थांबवून “हे मी असे सांगितले नव्हते” म्हणावयाची सवय नसते. ही सवय पोलीस ठाण्यात गेल्यावर लागत नाही. ती घरातल्या ओट्यावर लागलेली असावी लागते. विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक १९८६ साली आले. सामान बांधावयास येणाऱ्या रद्दीचे कागद आपल्या छोट्या दुकानात बसून वाचणाऱ्या या बाईंनी आपले लिखाण सुमारे वीस वर्षे पतीपासून लपवून ठेवले होते. चळवळीतल्या घरात ही स्थिती! त्या घरी रात्री अर्धा तास दोघांनी आळीपाळीने वाचले असते तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आता मोबाईल फोनही पुस्तके वाचून दाखवितो. मोतीबिंदूने दिसेनासे झालेल्या वृद्धास, एकट्या माणसास त्याचा आधार आहे, त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र तो यंत्राचा आवाज ऐकणाऱ्याच्या कपाळावरची आठी पाहून थबकत नाही. शेजारचा मित्र थबकतो. म्हणून ज्यांचे जोडीदार हयात नाहीत अशा दोन वृद्ध मित्रांनीही हा उद्योग करून पाहावा. एकाचे डोळे चांगले असले की काम चालते.

वाचावयास धम्मग्रंथच पाहिजे असे नाही. वर्तमानपत्रातील लेख चालेल, कादंबरी चालेल, न्यायालयातून आलेली नोटीसही चालेल, आणि ती तर दोनदा वाचावी. रोजचा अर्धा तास पुरे. आवाज थकला की पुस्तक दुसऱ्याच्या हाती द्यावे. खूण म्हणून एसटीचे जुने तिकीट चालते.