वजने उचलावीत की जोर-बैठका काढाव्यात?

मधुमेहाच्या नेहमीच्या तपासणीसाठी आलेल्या एका आजोबांनी परवा सोनईच्या दवाखान्यात मला वेगळाच प्रश्न विचारला. त्यांचा नातू बॉक्सिंग शिकतो. प्रशिक्षक त्याला डंबेल्स आणि बारबेल उचलायला लावतात, तर आजोबांच्या मते खरी ताकद जोर-बैठकांनीच येते. तालमीच्या मातीत वाढलेल्या पिढीचे हे मत सहज खोडून काढण्यासारखे नाही. मात्र या वादाचे उत्तर नातवापेक्षा आजोबांनाच अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते.

वाद जुना आहे. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १८९७ साली मुंबईस गेले असता सँडो या जगप्रसिद्ध बलोपासकाची उपकरणे व पुस्तके विकत घेतली आणि पुढे दहा वर्षे त्या पद्धतीने नेमाने व्यायाम केला. नंतर, वयाच्या चाळिशीच्या सुमारास, मिरजेच्या अधिपतींच्या सूचनेवरून ते सूर्यनमस्काराकडे वळले. त्यांना तो इतका मानवला, की त्यांनी आपल्या संस्थानातील शाळांमधून तो सक्तीचा केला. १९५१ साली, वयाची ८२ वर्षे पूर्ण झाल्यावर, त्यांचे निधन झाले. उपकरणे सोडून केवळ शरीराच्या भारावर भर देणारा हा राजा आजोबांच्या बाजूचा साक्षीदार म्हणावा लागेल. पण आपल्या तालमींनी एकच बाजू कधी धरली नाही, हेही विसरू नये. जोर-बैठकांच्या शेजारीच मुद्गल आणि करेला ठेवलेले असत, आणि ती वजनेच होत!

आता बॉक्सरकडे पाहू. ठोसा हाताने मारला जातो असे दिसते. प्रत्यक्षात त्याचे बळ तळपायापासून निघून मांडी, कंबर व धड यांतून खांद्यापर्यंत येते. जोर, बैठका, पुलअप्स यांत हे सारे स्नायू एकमेकांच्या साथीने काम करतात, तोल सुधारतो, दमही वाढतो. अडचण पुढे येते. स्नायू बळकट होण्यासाठी त्याच्यावरील भार हळूहळू वाढत जावा लागतो, आणि स्वतःच्या शरीराचे वजन तर तेवढेच राहते. शंभर बैठका लीलया काढणाऱ्या मुलाने दीडशे काढल्या, तर त्याचा दम वाढेल, ताकद फारशी नाही. म्हणून प्रशिक्षक वजने देतात. वजनांनी अंग जड होऊन चपळाई जाते, ही भीती आठवड्यातून दोन-तीन दिवस बेताने व्यायाम करणाऱ्याने बाळगू नये.

वृद्धांच्या बाबतीत मात्र गणित नेमके उलटे होते. तरुण बॉक्सरला स्वतःचे शरीर फार हलके पडते. सत्तरीच्या आजींना ते फार जड झालेले असते. पन्नाशीनंतर स्नायू दरवर्षी थोडे थोडे झिजतात आणि त्यांची ताकद त्याहूनही वेगाने घटते. वजनकाट्यावर हे दिसत नाही, कारण स्नायूंची जागा चरबी घेते. पासष्ट किलोच्या आजींना पूर्ण बैठक काढा म्हणणे म्हणजे पासष्ट किलो उचला म्हणण्यासारखेच झाले. उलट अर्ध्या किलोची वाळूची पिशवी घोट्याला बांधून, खुर्चीत बसल्या बसल्या पाय सरळ करणे त्यांना आजही जमेल. ‘या वयात वजने कसली?’ असे घरचे म्हणतात. मला तर वजने या वयातच अधिक सोयीची वाटतात.

१९९० साली अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. मारिया फियाटारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धनिवासातील नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त व्यक्तींकडून पायांचा वजनांचा व्यायाम करून घेतला. आठ आठवड्यांत त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दहा माणसांचा हा लहानसा प्रयोग. पण नव्वदीतही स्नायू प्रतिसाद देतो, हे त्याने दाखवून दिले.

शरीराच्या भाराचा व्यायामही सोडू नका. तो हलका करून घ्या. भिंतीला टेकवलेली, न घसरणारी, बिनहातांची खुर्ची घ्या. हात छातीशी घडी करून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते, ते मोजा. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयोगटात पुरुषांचा आकडा बाराच्या खाली आणि स्त्रियांचा दहाच्या खाली असेल, तर पडण्याचा धोका वाढलेला समजावा. गुडघे दुखत असतील तर बसायला एक जाड उशी घाला. जोरांऐवजी भिंतीला हात टेकून जोर काढा. हातांसाठी पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे साधारण एक किलो. आठ ते बारा वेळा उचलून शेवटच्या दोन वेळा कष्ट पडावेत, एवढेच वजन योग्य. बारा वेळा सहज जमू लागले की थोडे वाढवावे. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एखादा दिवस विश्रांतीचा. सोबत डाळ, उसळ, दूध, अंडे यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात हवे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

वजन उचलताना श्वास कोंडू नका. त्याने रक्तदाब एकदम चढतो. उचलताना मोठ्याने आकडे मोजले, की श्वास आपोआप चालू राहतो. नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, हर्निया असणाऱ्यांनी, चालताना छातीत दुखणाऱ्यांनी आधी तपासून घ्यावे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये. खिशात साखर असावी.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विनंती. आई-वडील खुर्चीतून उठू लागले, की प्रेमापोटी आपण लगेच काखेत हात घालून त्यांना उचलतो. त्याने त्यांचा दिवसभराचा उरलासुरला व्यायामही जातो आणि खांदाही दुखावू शकतो. शेजारी उभे राहा, हात तयार ठेवा, पण उठू त्यांनाच द्या. वेळ लागेल, लागू द्या.