बरोबरच्या चिन्हाला विचारा



मागच्या आठवड्यात सहावीच्या वर्गात मी फळ्यावर एक उदाहरण दिलं. २० रुपयांची एक वही आणि सारख्या किमतीची ४ पेनं घेतली. एकूण ६० रुपये झाले. तर एक पेन केवढ्याला?

एका मुलीने सगळ्यांच्या आधी वही आणली. तिने लिहिलं होतं :

६० − २० = ४० ÷ ४ = १०

मी लाल पेनाने त्याभोवती गोल केला. तिचा चेहरा उतरला. "पण बाई, पेन १० रुपयांनाच येतं ना?"

येतं की! उत्तर बरोबरच आहे. पण ओळ नीट वाचा बरं. ६० − २० म्हणजे ४०, आणि ४० ÷ ४ म्हणजे १०. मध्ये ‘=’ आहे. म्हणजे ४० आणि १० सारखे झाले!

खरं तर ही सवय आम्हीच लावतो. पहिलीत ‘३ + २ =’ लिहून पुढे जागा सोडतो. मग वाटतं, ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिहा’. तसं नाही. ‘=’ म्हणजे ‘दोन्हीकडे सारखंच’.

सावेडीच्या भाजीबाजारात आता आकडे दाखवणारे वजनकाटे दिसतात. पण दोन पारड्यांचा तराजू आठवा. एका पारड्यातून काही काढलं, तर दुसऱ्यातूनही तेवढंच काढायचं. नाहीतर काटा कलतो.

पेनाची किंमत माहीत नाही, तिला ‘क्ष’ म्हणू.

४क्ष + २० = ६०
४क्ष = ४० (दोन्हीकडून २० काढले)
क्ष = १० (दोन्हीकडे ४ ने भागलं)

आता प्रत्येक ओळ खरं बोलते. ताळाही घ्या : ४ × १० + २० = ६०. जमलं!

आपल्या भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यातल्या ‘बीजगणित’ या भागात एक मजेदार उदाहरण आहे. एकाकडे ६ घोडे आणि ३०० नाणी. दुसऱ्याकडे १० घोडे, पण डोक्यावर १०० नाण्यांचं कर्ज. दोघांची संपत्ती सारखीच, घोड्यांची किंमतही सारखीच. तर एका घोड्याची किंमत किती?

तेव्हा ‘=’ हे चिन्ह नव्हतंच. ते १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड या गणितज्ञाच्या पुस्तकात आलं. भास्कराचार्य दोन्ही बाजू एकाखाली एक मांडत. अज्ञात संख्येला ते ‘यावत्तावत्’ म्हणत, थोडक्यात ‘या’. म्हणजे चिन्ह नसतानाही तराजू होताच!

आपण तो वापरू. दोघांकडून ६-६ घोडे काढा. पहिल्याकडे उरली ३०० नाणी, दुसऱ्याकडे ४ घोडे आणि कर्ज. आता दोघांनाही १०० नाणी द्या. दुसऱ्याचं कर्ज फिटलं, पहिल्याची झाली ४००. म्हणजे ४ घोडे = ४०० नाणी. एक घोडा १०० नाण्यांचा! ताळा घेतलात, तर दोघांकडे ९००-९०० निघतील.

आईबाबांनो, मुलांची वही बघताना फक्त शेवटचा आकडा बघू नका. एखाद्या ‘=’ वर बोट ठेवा आणि विचारा, "दोन्हीकडे सारखं आहे का रे?"

वर्गातल्या त्या मुलीने मग तीच ओळ दोन ओळींत लिहून आणली : ६० − २० = ४०. ४० ÷ ४ = १०. या वेळी मी लाल पेनाने ‘शाब्बास’ लिहिलं.

आता तुमची पाळी. माझ्याकडे चिंचोक्यांच्या ३ सारख्या पुड्या आणि ८ सुटे चिंचोके आहेत. मैत्रिणीकडे तशाच ५ पुड्या आणि २ सुटे. दोघींचे चिंचोके सारखेच. तर एका पुडीत किती? समीकरण मांडा, सोडवा आणि ताळा घ्या. उत्तर पुढच्या अंकात!

तुमच्या बाई