हुबेहूब नक्कल ही अमानत आहे

जुने संगणक भंगारात गेले, पण त्यांच्यासाठी लिहिलेले प्रोग्राम उरले. ते आज चालवायचे तर जुन्या प्रोसेसरची नक्कल करणारा प्रोग्राम लागतो. त्याला एम्युलेटर म्हणतात. ही नक्कल किती हुबेहूब असावी? वाचक बंधू-भगिनींनो, या प्रश्नात आम्हाला आपल्या रोजच्या कामाचा एक धडा दिसतो.

अमेरिकेत 1975 साली मॉस टेक्नॉलॉजी कंपनीने 6502 हा प्रोसेसर अवघ्या 25 डॉलरला विकायला काढला. ॲपल-2 मध्ये तोच होता. त्यात एक दोष होता. 'अमुक ठिकाणी लिहिलेल्या पत्त्यावर जा' असा हुकूम त्याला देता येई. हा पत्ता मेमरीच्या शेजारशेजारच्या दोन घरांत असतो. 256 घरांचे एक पान मानले, तर पत्त्याचा पहिला भाग पानाच्या शेवटच्या घरात आल्यावर दुसरा भाग पुढच्या पानावरून घ्यायला हवा. 6502 मात्र तो त्याच पानाच्या पहिल्या घरातून घेई.

नक्कल करणाऱ्याला वाटेल, ही चूक सुधारून टाकू. पण सुधारली की ती 6502 ची नक्कल राहत नाही.

वेळेचेही तसेच. 1977 च्या अटारी 2600 या खेळयंत्रात याच घराण्यातला 6507 होता. टीव्हीवरच्या चित्राची एकेक ओळ प्रोग्रामच घडवी आणि एका ओळीला प्रोसेसरचे 76 ठोके मिळत. नकलेत एक ठोका चुकला तरी चित्र सरकू शकते. म्हणून काही अभ्यासकांनी 6502 चे आवरण काढून सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घेतले आणि त्यातले सुमारे 3,500 ट्रान्झिस्टर एकेक करून नकाशावर मांडले.

आम्हाला इथे हदीसच्या रावींची शिस्त आठवते. दोनपैकी नेमका कोणता शब्द ऐकला याची खात्री नसेल, तर रावी दोन्ही शब्द सांगत. रिवायत संपल्यावर 'किंवा जसे त्यांनी फरमावले' असेही जोडत. यंत्राची आणि हदीसची बरोबरी नाही. साम्य आहे ते पोहोचवणाऱ्याच्या अमानतदारीत.

आपणही कुणाची वसीयत लिहून घेतो, कर्जाचा कागद करतो, साक्ष देतो. वाक्य अडखळते असले, शब्द गावठी असला, तरी तो बोलणाऱ्याचा आहे. आपल्याला काही सुचलेच, तर ते समासात वेगळे लिहावे, त्याच्या तोंडी घालू नये.