आजाऱ्याच्या दारातली वसुली थांबवा

गगनबावडा तालुक्यातल्या माय-बहिणींनो, शेतकरी बांधवांनो,

आमच्या घरात मोबाईल तांदळाच्या डब्यात सापडला. थोरल्या वहिनीने तो तांदळात खोल खुपसून वर झाकण घट्ट लावले होते, वाजला तरी ऐकू येऊ नये म्हणून. सकाळी सातला वसुलीचा पहिला फोन यायचा, मग जेवणाच्या वेळी, मग दिवेलागणीला. तिची झोप महिनाभर उडालेली होती. केस विंचरायचे भान नव्हते. चुलीपुढे बसली की बसूनच राहायची, भात करपला तरी.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तपासून उदासीनतेचा आजार सांगितला, गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी सकाळी डोळा उघडत नसे, आणि मायक्रोफायनान्सच्या कर्जगटाची हप्त्याची मीटिंग सकाळी. लागोपाठ दोन मीटिंगा चुकल्या. पुढच्या आठवड्यात वसुलीचा माणूस गटातल्या चार बायकांना घेऊन आमच्या सोप्यात येऊन बसला. हप्ता पुरा झाल्याशिवाय मीटिंग सुटणार नाही, असे त्याने त्यांना बजावले होते. त्या बायका वाईट नव्हत्या. एकीची रोपलावण खोळंबली होती, एकीचे पोर घरी तापाने फणफणत होते. शेवटी वहिनीने औषधाला बाजूला काढलेले पैसे आणून दिले. महिन्याच्या गोळ्या आणायच्या राहिल्या, आणि ज्या आजारातून ती जरा वर येत होती त्यातच पुन्हा बुडाली.

अशी घरे या तालुक्यात एकच नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आपण बोलत नाही. कोणी म्हणते बाहेरचे आहे, कोणी म्हणते नाटक आहे, हप्ता चुकवायचे निमित्त आहे. म्हणून हे पत्रक.

आपल्याकडचा पाऊस साऱ्या जिल्ह्याला माहीत आहे. भात कुजले, बांध फुटला की तलाठी येतो, पंचनामा होतो. नैसर्गिक आपत्तीत पिकाचे ३३ टक्के किंवा जास्त नुकसान झाले तर बँकांनी पीककर्जाची पुनर्बांधणी करून मुदत वाढवावी, असे रिझर्व्ह बँकेचेच धोरण आहे. कोरोनात १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली गेली. म्हणजे हप्ता थांबवता येतो. शेताचे नुकसान झाले तर थांबवता येतो, देश आजारी पडला तर थांबवता येतो. मग गटातली एक बाई अंथरुणाला खिळली तर तिच्या आजाराचा पंचनामा का होत नाही?

नियम मुळीच नाहीत असे नाही. मायक्रोफायनान्ससाठी रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण दिलेले कर्ज त्यात येते. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, सारखा फोन करून भंडावायचे नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना आणि सोबतच्यांना त्रास देणे, कर्जदाराचे नाव चारचौघांत जाहीर करणे, सगळ्याला बंदी आहे. आमच्या घरी सातला येणारा फोन नियमबाह्य होता. आम्हाला ते माहीत नव्हते, आणि फोन करणाऱ्याने सांगितले नाही.

पण त्याच नियमांतल्या एका कलमाकडे नीट बघा. वसुली ठरल्या जागीच करायची, मात्र कर्जदार लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा तिथे आला नाही तर घरी किंवा कामाच्या ठिकाणी जाता येते. धडधाकट माणसासाठी हे ठीक आहे. ज्याला आजाराने अंथरुणातून उठवत नाही, तो दोनदा गैरहजर राहणारच. जो सर्वांत अशक्त, त्याच्याच दाराची कडी या कलमाने काढून दिली आहे. हप्ता फेडताना अडचणीत आलेला कर्जदार ओळखायची, त्याच्याशी बोलून मार्ग सांगायची व्यवस्था प्रत्येक कंपनीने ठेवावी, असेही तेच नियम सांगतात. दोन मीटिंगा चुकल्या की आधी ती व्यवस्था चालली पाहिजे. आमच्या सोप्यात बसलेल्या माणसाने ‘वहिनी आजारी आहेत का’ एवढेही विचारले नाही.

खासगी सावकाराबद्दल थोडक्यात. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाधारकालाही शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे करायची. आणि घरातले सामान उचलायचा हक्क ना सावकाराला, ना वसुलीवाल्याला. कोर्टाच्या जप्तीतसुद्धा अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण सुटते.

आमची मागणी कर्जमाफीची नाही. घेतलेले फेडायचे आहे. सरकारी डॉक्टरने मानसिक आजाराचे उपचार सुरू असल्याचा दाखला दिला, की उपचार चालू असेपर्यंत त्या माणसाची वसुली, व्याज आणि दंड थांबला पाहिजे, आणि तो नियम लेखी हवा. इंग्लंड आणि वेल्समध्ये ४ मे २०२१ पासून असा कायदा आहे. मानसिक आजाराच्या गंभीर अवस्थेत उपचार चालू असेपर्यंत आणि पुढे ३० दिवस सावकाराला, बँकेला त्या माणसाच्या मागे लागता येत नाही, बहुतेक व्याज-दंडही थांबतो. सगळेच आजारी असल्याचे सांगतील, हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. तिथेही दाखला लागतो, इथेही लागेल. आणि ज्या गावात आजही डोक्याची गोळी पदराआड लपवून घेतात, तिथे हप्ता चुकवण्यासाठी कोण हौसेने हा शिक्का मारून घेईल? अशाने कर्ज देणारेच उरणार नाहीत, असेही कोणी म्हणेल. १८७५ साली पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त जाळले, १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात घालणे बंद झाले. त्यामुळे कर्ज देणारे संपले नाहीत.

तोवर हाताशी आहे ते वापरा. उपचार सुरू आहेत, मुदत हवी, असा साधा अर्ज कंपनीच्या शाखेत द्या आणि पोच घ्या. आजाराचे नाव लिहायची सक्ती नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ती माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार होते, चौकशीचा क्रमांक १४४४८. बायकांना आणि मानसिक आजाराच्या रुग्णांना मोफत वकील मिळतो, १५१०० वर विचारा. जीव घाबरा झाला, जगणे नकोसे वाटले, तर १४४१६ वर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, दिवसा-रात्री कधीही, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

गटातल्या बहिणींनो, शेवटचे तुम्हाला. कोणी साहेब म्हणाला, चला तिच्या दारात बसू, तर उठू नका. कर्जकार्ड हातात घ्या आणि नियम कुठे लिहिला आहे ते दाखव म्हणा. तिच्याकडे जायचे असेल तर कोल्हापूरला दवाखान्यात सोबत म्हणून जा. एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे.

— गगनबावडा तालुक्यातील काही कर्जदार कुटुंबे आणि त्यांचे शेजारी

(वाचून झाल्यावर हे पत्रक शेजारच्या घरी द्या.)