घंटी बंद केली म्हणजे धोका टळला काय?

आमच्या कोकणपट्टीतील बरेच मुस्लिम बांधव पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर पोट भरीत आले आहेत. आता मच्छीमारीच्या जोडीला पर्यटकांना खाडीत फिरविण्याचा धंदा वाढला आहे. ज्यांच्यापाशी चार पैसे आहेत ते अशा बोटीत भागीदारी घेतात. आमचा धंदा कापडाचा. पण भाच्याच्या आग्रहावरून आम्हीही एका जुन्या फायबर बोटीत पैसे गुंतविले. त्या बोटीने आम्हाला जे शिकविले ते या पानावर मांडणे जरूर वाटते.

ही बोट पेट्रोलवर चालणारी आणि तिचे इंजिन आतल्या बंद कप्प्यात. अशा कप्प्यात पेट्रोलची वाफ जमली की घंटी वाजविणारे एक लहान यंत्र बसविलेले असते. पावसाळा संपून धंदा सुरू झाला आणि ही घंटी वाजू लागली. बाजारातील मिस्त्रीने पाहिले, यंत्रच खराब आहे म्हणून सांगितले आणि तार कापून टाकली. भाचा म्हणाला, "मामू, सीझनचे दिवस आहेत. बोट उभी राहिली तर हप्ता कुठून भरायचा?" आम्हीही मान डोलावली. ही आमची गफलत होती.

आठ दिवसांनी दुसऱ्या जाणत्या मिस्त्रीने पेट्रोल भरण्याच्या नळीचा पट्टा सोडविला, तेव्हा त्याखाली रबर तडकलेले निघाले. टाकी काठोकाठ भरली की तेथून पेट्रोल झिरपत असे. म्हणजे आठ दिवस आम्ही लोकांची बायका-मुले त्या बोटीत बसवीत होतो! अल्लाहची मेहेरबानी की काही घडले नाही.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, बोटीच्या तळाशी साचून राहते. हवेत तिचे प्रमाण सुमारे दीड टक्का झाले की एक ठिणगी पुरते. बहुतेक यंत्रे या मर्यादेच्या साधारण पाचव्या हिश्श्यालाच घंटी देतात, म्हणजे सावध होण्यास वेळ मिळावा. डिझेल आपल्याकडील हवेत इतकी वाफ सोडीत नाही. म्हणून डिझेलच्या मच्छीमार बोटींवर वाढलेल्या माणसाला पेट्रोलचा हा स्वभाव चटकन लक्षात येत नाही.

घंटी वाजली तर इंजिन बंद करावे, विडी-सिगारेट विझवावी, प्रवाशांना कप्प्यापासून दूर न्यावे, झाकण उघडून हवा खेळू द्यावी. दिव्याचे बटणसुद्धा दाबू नये. तळाशी ओले पेट्रोल दिसले तर पंखाही लावू नये. मग शोध घ्यावा: नळ्या, त्यांचे पट्टे, फिल्टर, टाकीचे जोड, कार्ब्युरेटर. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबराला मानवत नाही. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या बोटीच्या नळ्या तर आधी पाहाव्यात. वाफ बाहेर फेकणाऱ्या पंख्याची नळी तळापर्यंत पोचते की मध्येच फाटली आहे, हेही पाहावे. वरची हवा ओढणारा पंखा काय कामाचा?

एवढे करून गळती सापडली नाही, तरच यंत्रावर शंका घ्यावी. बॅटरी उतरली असेल, तारेच्या टोकाला खाऱ्या हवेने गंज चढला असेल, वाफ ओळखणारा भाग पाण्यात भिजला असेल. ताजा रंग, थिनर, फायबर दुरुस्तीचे रसायन किंवा चार्ज होणाऱ्या बॅटरीचा वायू यांनीही घंटी वाजू शकते. सिलिकॉनच्या लुकणाने हा भाग निकामी होतो आणि मग खरी वाफ असूनही यंत्र गप्प बसते. म्हणून नाक आणि यंत्र असे दोन साक्षीदार मानावेत. दोहोंपैकी एकाने जरी हाक दिली तरी बोट सोडू नये. खराब ठरलेले यंत्र बदलावे. तार कापून ठेवू नये.

अमेरिकेत १९८० नंतर बांधलेल्या अशा पेट्रोल बोटींना पंखा सक्तीचा आहे, आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी तो ४ मिनिटे चालवावा अशी पाटी लावावी लागते. आपल्याकडे कोणी पाटी लावण्याची वाट कशाला पाहावी? ४ मिनिटांत कोणाचा धंदा बुडत नाही.

आमच्या धंद्यात मागाला एक काटा असतो. आडवा धागा तुटला की तो माग थांबवितो. जास्त मीटर निघावेत म्हणून एखादा कारागीर तो काटा अडकवून ठेवतो. माग चालत राहतो, पण कापड दागी निघते आणि घडीच्या टेबलावर सारा हिशेब चुकता होतो. कापडाचा दाग सूट देऊन खपविता येतो, बोटीतला दाग खपविता येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे पैसे गुंतविणाऱ्यांना आहे. आपण दर महिन्याला भागीदाराला नफा विचारतो. नळ्या कधी बदलल्या हे विचारतो काय? सुरक्षेसाठी त्याने एक दिवस बोट उभी ठेवली तर त्याच्यावर डोळे वटारू नयेत, उलट शाबासकी द्यावी. उंट बांधून मगच तवक्कुल करण्याची शिकवण आपल्याला मिळालेली आहे. बोटीत बसणारा प्रवासी, मग तो कोणत्याही धर्माचा असो, परत किनाऱ्याला पोचेपर्यंत आपल्यापाशी अमानत असतो. त्या अमानतीत खयानत करून मिळविलेल्या पैशात बरकत कोठून येणार? बांधवांनी याचा विचार करावा, एवढीच विनंती.