शब्द कोणाच्या मालकीचा?

अभिधा, लक्षणा, व्यंजना शिकवताना ‘याचा व्यवहारात उपयोग काय?’ हा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्याचे एक उत्तर अमेरिकेतील एका निकालपत्रात सापडते. ‘सफारी’ हा शब्द आपले व्यापारचिन्ह आहे, असा दावा ‘अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच’ या कंपनीने ‘हंटिंग वर्ल्ड’विरुद्ध केला होता. १९७६ साली संघीय अपील न्यायालयाचे न्यायमूर्ती हेन्री फ्रेंडली यांनी त्याचा निकाल लिहिला.

पूर्वीच्या निकालांत विखुरलेले विचार फ्रेंडलींनी एका चढत्या श्रेणीत बसवले. वस्तूचे सामान्यनाम, तिचे वर्णन करणारा शब्द, तिचे केवळ सूचन करणारा शब्द आणि तिच्याशी संबंध नसलेला किंवा नव्यानेच घडवलेला शब्द, असा हा क्रम. सामान्यनामावर कोणाचाच हक्क नाही. वर्णनपर शब्दावर हक्क मिळतो तो ग्राहकांच्या मनात त्याला उत्पादकाची ओळख म्हणून दुय्यम अर्थ प्राप्त झाला असेल तरच. पुढच्या शब्दांना असा पुरावा लागत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये हीच श्रेणी आधाराला घेतली. आपल्याकडील उच्च न्यायालयांच्या निकालांतही ती भेटते.

मला मात्र श्रेणीपेक्षा तिच्याबरोबर दिलेला इशारा मोलाचा वाटतो. एकच शब्द वस्तूनुसार, काळानुसार आणि वापरणाऱ्यांनुसार श्रेणी बदलतो, असे फ्रेंडली बजावतात. ‘आयव्हरी’ म्हणजे हस्तिदंत. सुळ्यांपासून केलेल्या वस्तूसाठी ते सामान्यनाम, साबणासाठी मात्र स्वैर निवडलेले नाव. ‘सफारी’ही विशिष्ट टोप्या व जाकिटांसाठी सामान्यनाम ठरला, बुटांसाठी नाही. आणि बुटांच्या बाबतीतही प्रतिस्पर्ध्याला तो प्रामाणिकपणे, वर्णनाच्या अर्थाने वापरण्याची मुभा राहिली.

पुढे लोकांच्या लक्षात राहिली ती श्रेणी. इशारा मागे पडला. आपणही वाक्य न पाहता सुट्या शब्दावर ‘लक्षणा’ किंवा ‘व्यंजना’ अशी चिठ्ठी डकवतो, तेव्हा हीच चूक करतो. परीक्षेत त्याने फार तर गुण जातील. न्यायालयात मात्र सर्वांच्या बोलण्यातला एखादा शब्द एकाच दुकानदाराच्या मालकीचा होऊन बसेल, आणि त्याच्या शेजाऱ्याला आपल्या मालाचे साधे वर्णन करणेही कठीण होईल. म्हणून हे निकालपत्र विधिमहाविद्यालयांप्रमाणेच भाषेच्या वर्गातही वाचले जावे, असे मला वाटते.