पंखा फिरतो, पण हवा ओढतो का?

ईदच्या आधी घराची मोठी साफसफाई निघते. पडदे धुतले जातात, छताचे पंखे पुसले जातात, माळ्यावरची भांडी खाली येतात. न्हाणीघराच्या भिंतीतल्या एक्झॉस्ट पंख्याकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही. तो उंचावर असतो आणि फिरत असतो, म्हणून ठीक आहे असे आपण धरून चालतो.

फिरणारा पंखा हवा बाहेर टाकत असेलच असे नाही. न्हाणीघरात वाफेबरोबर पावडर, टॉवेलचे धागे आणि केस उडत असतात. ओली धूळ पात्यांवर बसते आणि वाळून घट्ट होते. हा थर सगळ्या पात्यांवर सारखा नसतो. त्यामुळे पंख्याचा तोल जातो, घरघर सुरू होते आणि मोटर तापते. मागच्या झडपा मळाने चिकटल्या तर हवेला बाहेर जायला वाटच उरत नाही. मग वाफ छतावर बसते, रंगाचे पोपडे सुटतात आणि कोपऱ्यात काळी बुरशी येते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे लवकर दिसते. घरात कुणाला दमा असेल तर त्याला या बुरशीचा त्रास होतो.

परीक्षा सोपी आहे. दार लावून पंखा सुरू करा आणि टिश्यू पेपरचा तुकडा जाळीला लावा. तो चिकटून राहिला तर पंखा हवा ओढतो आहे. खाली पडला तर दार थोडे उघडून पुन्हा पाहा. आता चिकटला तर दोष पंख्यात नाही, बाहेरची हवा आत यायला जागा नाही. दाराखाली बोटभर फट हवीच. तरीही पडला तर सफाईची वेळ झाली आहे.

काम दिवसा करावे. नुसते बटण बंद करून भागत नाही. काही घरांत वायरिंग चुकीचे असते आणि बटण बंद असूनही मोटरपर्यंत वीज पोचते. म्हणून बोर्डावरचा एमसीबी खाली करा आणि घरच्यांना सांगून ठेवा. फरशी कोरडी हवी, स्टूल न डुगडुगणारे हवे आणि ते धरायला एक माणूस हवा.

जाळी काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, म्हणजे जोडताना गोंधळ होत नाही. जाळी खटक्यांवर असते किंवा स्क्रूवर. पाती मधल्या टोपणाने बसवलेली असतात. काही पंख्यांत या टोपणाचे आटे उलटे असतात, म्हणून त्यावरचा बाण आधी पाहा. जोर लावलात तर प्लॅस्टिक तुटेल.

जाळी आणि पाती कोमट पाण्यात भांडी धुण्याचा साबण घालून वीसेक मिनिटे भिजवा. नंतर जुन्या टूथब्रशने घासा. उकळते पाणी, अ‍ॅसिड, थिनर किंवा पेट्रोल वापरू नका. प्लॅस्टिक वाकते, तडकते. मोटरवर पाणी अजिबात घालायचे नाही. कोरड्या रंगाच्या ब्रशने तिच्यावरची धूळ झाडा आणि घट्ट पिळलेल्या फडक्याने बाहेरून पुसा. झडपा एकेक करून हलवून पाहा. त्या हलक्या हाताने उघडून आपोआप मिटायला हव्यात. बाहेरच्या बाजूला कबुतराच्या काड्या असतील तर त्या काढाव्याच लागतात, पण वरच्या मजल्यावर खिडकीतून वाकून हे करू नका. माणूस बोलवा.

तेलाबद्दल बरेच गैरसमज आहेत. बंद बेअरिंगला तेल लागत नाही. जुन्या पंख्याला तेलाचे छिद्र असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरेत. खोबरेल तेल घालू नये. ते धुळीने चिकट होते आणि पंखा आणखी जड फिरतो.

सगळे भाग पूर्ण वाळल्यावर जोडा. पाती बोटाने फिरवून पाहा, कुठे घासत नाहीत ना. मगच वीज सुरू करा. सफाईनंतरही पंखा नुसता गुणगुणत असेल, हाताने ढकलल्यावरच फिरत असेल, जळका वास येत असेल किंवा धातूच्या भागाला झिणझिण लागत असेल तर तो बंद ठेवून इलेक्ट्रिशियनला दाखवा.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. ज्या घरी गॅस गिझर आहे, त्यांनी पंख्यावर भरवसा ठेवू नये. बंद न्हाणीघरात गॅस जळतो तेव्हा प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, गरगरते, मळमळते आणि दाराची कडी काढण्याआधीच माणूस कोसळू शकतो. थंडीत गार वारा लागतो म्हणून व्हेंटिलेटरला पुठ्ठा लावणे जिवावर बेतू शकते. पंखा चालू असला तरी वीज जाऊ शकते, झडपा अडकू शकतात. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवून नळाने पाणी आत आणणे हाच खरा उपाय. तोवर बादली भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच आंघोळीला जा. आत कुणी उत्तर देत नसेल तर दार उघडून त्याला आधी मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

आणखी एक ध्यानात ठेवा. घरात गॅसचा वास आला तर कोणत्याही पंख्याचे बटण दाबू नका, ठिणगी पडते. खिडक्या हाताने उघडा.

एरवी पंखा आंघोळीच्या वेळी आणि नंतर पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावा. 40 वॉटचा पंखा रोज एक तास चालला तरी महिन्याला 1.2 युनिट वीज लागते. जाळी महिन्यातून एकदा पुसा, पाती तीन-चार महिन्यांनी काढून धुवा. पावसाळ्याच्या आधीची एक सफाई तरी चुकवू नका.